शेवटचं कडवं



संपादक म्हणाले, ह्या अंकात एखाद्या कवितासंग्रहावर लिही. मी कॅसेटवर लिहितो आहे. आपल्या वस्तीत कवितेचं पुस्तक विकत घेणारा माणूस शोधावा लागतो. गाणं मात्र पाळण्यापासून मयतीपर्यंत प्रत्येक घरात आहे. मग त्या गाण्याची समीक्षा कोणी करायची? मोठ्या मासिकातले समीक्षक करणार नाहीत. त्यांच्या हिशेबात छापलं ते साहित्य आणि गायलं तो करमणुकीचा कार्यक्रम. त्याचं मला दुःख नाही. दुःख ह्याचं की आपल्यातले चार बुकं शिकलेले लोकही तसंच बोलायला लागलेत. ढसाळांच्या 'गोलपिठा'वर (१९७२) ते तासभर बोलतील, आणि बोलायलाच पाहिजे. पण वामनदादा कर्डकांचं नाव निघालं की म्हणतात, 'हो, ते गाणी लिहायचे.' विषय संपला.

मी समीक्षक नाही. मुरबाडकडं एका सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. तुटलेला धागा जोडायचा, पुन्हा तुटला की पुन्हा जोडायचा, हे माझं काम. शाळा दहावीला सुटली. पुढचं जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर, खोलीवर. पण एखादं गाणं ऐकताना अंगावर काटा का येतो, आणि तेच गाणं दुसरीकडं ऐकताना का येत नाही, एवढं विचारायला डिग्री लागत नाही.

कॅसेट कोणती ते आधी सांगतो. गाणी वामनदादांची, आवाज प्रल्हाद शिंद्यांचा. दुकानातून आणलेली नाही. माझ्या आज्यानं ह्याच्या त्याच्या कॅसेटींवरून एकेक गाणं भरून घेतलेली, नव्वद मिनिटांची. कव्हरवर बॉलपेननं दोनच शब्द आहेत : वामनदादा. प्रल्हाद. कंपन्यांच्या कव्हरवर गाणाऱ्याचा फोटो मोठा असायचा. लिहिणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात, कधी कधी नसायचंच. आजा सही करण्यापुरता शिकलेला. पण त्यानं लिहिणाऱ्याचं नाव आधी घातलं, गाणाऱ्याचं नंतर. समीक्षेचा पहिला धडा मला त्या कव्हरवर मिळाला.

आजा मुंबईला गिरणीत होता. जानेवारी १९८२ चा संप लागला आणि तो उंबरमाळीला परत आला तो आलाच. पुढं फंडाचे पैसे हातात पडले तेव्हा त्यानं एक टेप विकत घेतला. घरावर कौलं नव्हती, आणि हा टेप घेऊन आला. आजी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वस्तीतल्या बाया संध्याकाळी ओट्यावर येऊन बसल्या, गाणी लागली, आणि आजीही त्यांच्यात येऊन बसली. कौलं दोन पावसाळ्यांनी पडली. कॅसेट अजून आहे. सैल झाली की पेन्सिल घालून गुंडाळायची. गेल्या वर्षी मी ती मोबाईलवर उतरवून घेतली, टेपच्या तोंडाशी मोबाईल धरून. उंबरमाळी स्टेशन घराला लागून, म्हणून एका गाण्यात मालगाडीचा भोंगाही आलाय. तो मी काढला नाही.

आता ज्यांची गाणी त्यांच्याविषयी.

आमच्या उंबरमाळीच्या डोक्यावर कसाऱ्याचा घाट. घाट चढला की इगतपुरी, पुढं नाशिक, बाजूला सिन्नर. त्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला वामनदादा १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मले. (भीमराव कर्डक निराळे. तेही नाशिककडचेच, त्यांचा जलसा बाबासाहेबांच्या चळवळीत आधीपासून गाजलेला. दोन्ही नावं एक करू नका, मी बरीच वर्षं करत होतो.) वामनदादा हाच घाट उतरून मुंबईला गेले. पडेल ती मजुरी केली. लिहिता वाचता येत नव्हतं. कोणीतरी पत्र वाचायला दिलं आणि वाचता येईना, त्याची लाज त्यांना खोल लागली. एका गुरुजींनी अक्षरं दाखवली, बाकीचं रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्यांनी शिकवलं. १९४३ साली पहिलं गाणं रचलं, तेही हिंदी सिनेमाच्या चालीवर. मग हजारो गाणी. 'सांगत्ये ऐका' (१९५९) सारख्या गाजलेल्या सिनेमातही त्यांचं गाणं आहे. आपल्या लग्नात त्यावर नाचणाऱ्यांना ते कोणाचं, हे ठाऊक नसतं.

दुकानाच्या पाटीवरून शिकलेला माणूस कसं लिहील? पाटीसारखंच. लांबून वाचता येईल असं. वामनदादांचा शब्द गर्दीच्या शेवटच्या माणसाला पहिल्या फेरीत समजतो. ह्याला काही लोक सोपं म्हणतात. त्यांनी एकदा तसं लिहून बघावं. मी बघितलंय. माझी कविता छापून आली तर चार मित्र पाठीवर थाप मारतात. पण आजीला वाचून दाखवली की ती म्हणते, 'चांगलं हाय, पन काय म्हनायचं हाय?'

आता गेल्या १४ एप्रिलची गोष्ट.

वर्गणी काढून डीजे आणला होता. मिरवणुकीत वामनदादांचं एक गाणं लागलं. बाबासाहेबांच्या मताची मोजून पाच माणसं जरी असती तर त्यांच्या हत्याराला धार वेगळीच असती, अशा अर्थाचं. तुम्हा सर्वांना पाठ आहे. अनेकांनी गायलंय. पण डीजेवाल्यानं नुसता मुखडा कापून घेतला होता. तोच फिरून फिरून येत होता, खाली नगाऱ्यासारखा ठोका. पोरं हात वर करून हवेत तलवारी फिरवत होती. मीही फिरवत होतो, खोटं कशाला सांगू. मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा आजी ओट्यावर बसली होती. मला बोलावून म्हणाली, 'आरं, म्होरलं कुठं गेलं? वागन्याचं हाय ना त्यात, ते का नाय लावलं?'

पुढं त्या गाण्यात कडवं येतं. बोलण्यात बाबासाहेब आहेत, तसे वागण्यातही असते तर त्यांच्या लेकरांची चाल चोख असती, असं त्यात म्हटलंय. म्हणजे नाहीत. म्हणजे पाच जणही नाहीत. ते गाणं 'जर'वर उभं आहे. 'जर' आहे म्हणून ते गाणं आहे, नाहीतर घोषणा झाली असती. पुढचं कडवं कापलं की 'जर' कोणाला ऐकू येत नाही, नुसती तलवार ऐकू येते. वामनदादांनी आपल्या तोंडासमोर धरलेला आरसा आपण ढोल करून बडवला. दुःखाच्या गाण्याची फुशारकी झाली, आणि वर्गणी आपणच दिली.

मी हे माझ्या मित्राला बोललो. तो म्हणाला, मिरवणुकीत लोकांना नाचायचं असतं, प्रवचन नको. मी म्हणालो, नाच की, पण गाणं कोणाचं ते तरी सांग. त्यानं ज्याच्या आवाजात ऐकलं होतं त्या गायकाचं नाव सांगितलं. तो वाईट पोरगा नाही. वस्तीचं वाचनालय त्यानंच चालू ठेवलंय. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आमचा तालुका धरणांचा. भातसा इथं, तानसा इथं. पाणी पाइपातून मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमच्याच गावपाड्यांवर टँकरची वाट बघतात. मुंबईत नळ उघडणाऱ्याला शहापूर कुठं आहे ते ठाऊक नसतं. त्याच्यावर मी रागावतो. मग वामनदादांचं गाणं पिऊन वामनदादा कोण ते ठाऊक नसलेल्यांवर, म्हणजे आपल्यावर, रागवायचं की नाही?

म्हणून ही कॅसेट ऐका म्हणतो.

वामनदादांची एक सवय होती. अनेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात ते स्वतःचं नाव घालतात. वामन. एका संग्रहाचं नावच 'हे गीत वामनाचे' आहे. संत तसं करत, शाहीर करत, गझल लिहिणारे करतात. कोणी म्हणेल, ही नावाची हौस. मला तसं वाटत नाही. ज्याच्या बापजाद्यांची नावं कोणत्याही सातबाऱ्यावर नव्हती, त्यानं आपल्या मालावर आपलं नाव घालणं ही हौस नव्हे, हक्क आहे. आणि दुसरं. नाव घातलं की कवी उपदेशाच्या चौरंगावरून खाली उतरतो. तुम्ही असे आहात असं म्हणून झाल्यावर तो म्हणतो, मीही तुमच्यातलाच, माझंही बघा. नाव कापलं की नुसता उपदेश उरतो, आणि उपदेश कोणालाच आवडत नाही.

गाणाऱ्याची परीक्षा इथं होते. दुसऱ्याचं गाणं गाणारा माणूस शेवटच्या कडव्याशी कसा वागतो? काही जण तिथं पोचतच नाहीत, टाळ्या आधीच मिळालेल्या असतात. काही जण लिहिणाऱ्याचं नाव काढून तिथं आपलं बसवतात. आमच्या कॅसेटवर प्रल्हाद शिंदे तसं करत नाहीत. जिथं 'वामन' येतं तिथं ते शब्द गिळत नाहीत, उरकतही नाहीत. ठेका जरा मोकळा होतो, नाव स्पष्ट पडतं आणि मग शेवटची ओळ चढते. एवढा मोठा गळा, पण त्या जागी तो बाजूला सरकून उभा राहतो.

कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, हे तुम्ही पाहिलं असेल. घाट एकट्या पुढच्या इंजिनाला चढवत नाही. बँकर मागून रेटतं आणि इगतपुरीला सुटतं. गाडीवर त्याचं नाव लिहीत नाहीत. गाणाऱ्यानं दुसऱ्याचं गाणं असंच चढवावं, असं मला वाटतं. प्रल्हाद शिंद्यांनी गाडी चढवली.

त्यांच्या आवाजाविषयी दोन शब्द. तो कव्वालीत मुरलेला आवाज आहे. वरच्या पट्टीत लावला की खाली येतच नाही, आणि किंचाळतही नाही. गिरणीत साच्यांचा आवाज एवढा की शेजारचा बोललेलं ऐकू येत नाही. तिथं मी ही गाणी मोठ्यानं म्हणतो, कोणाला ऐकू जात नाही म्हणून लाजही वाटत नाही. तेव्हा कळलं की माझा श्वास ओळीच्या मध्येच तुटतो. कापसाची धूळ छातीत आहे हे खरं, पण तेवढंच कारण नाही. प्रल्हाद शिंदे श्वास घेतात तो अर्थ पुरा झाल्यावर. वाक्य तोडून घेत नाहीत. म्हणजे आधी त्यांनी गाणं समजून घेतलंय, मग गायलंय. पेटी, ढोलकी आणि मागं कोरस, एवढ्यावर ते उभं राहतं. कोरस ओळ उचलतो तेव्हा वाटतं, वस्तीच म्हणते आहे.

आता आक्षेप. आपल्यातले कार्यकर्ते म्हणतात, प्रल्हाद शिंद्यांनी विठ्ठलाची गाणी गायली, अजून ती देवळांच्या कर्ण्यांवर वाजतात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आम्ही त्यांना आपलं का म्हणायचं? प्रश्न खोटा नाही. मीही तो आज्याला विचारला होता. आजा म्हणाला, 'मी धोतराचं कापड विनलं. ते नेसून कोन देवळात गेला असंल. मग मी काय पुजारी झालो?' हे उत्तर पुरं आहे असं मी म्हणत नाही. कापडाला तोंड नसतं, गाण्याला असतं. पण गळ्यावर पोट असणारा माणूस हाही मजूरच, आणि कंपनी मागेल तो माल त्याला काढावा लागतो, हे गिरणीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. उलट मला आवडतं ते वेगळंच. ज्या गळ्यानं लाखो लोकांना पंढरीला नेलं, त्याच गळ्यानं वामनदादांचा सवालही त्यांच्या कानावर घातला. नुसत्या आपल्या गळ्यानं तो आपल्याच वस्तीत राहिला असता.

दोष आहेत, तेही सांगतो. काही ठिकाणी ढोलकीची लय एवढी धावते की कडू ओळही गोड होऊन जाते. माणूस लाजायच्या जागी टाळी देतो. मुकाबल्याच्या कार्यक्रमांत समोरची पार्टी हरवायची असते, त्याची ती सवय असावी. अशा जागी मला विठ्ठल उमप आठवतात. (२०१० साली दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच कोसळून गेले ते.) त्यांच्या गाण्यात शब्द आधी अंगात येतो, मग सुरात. उमपांचं गाणं डोळ्यांपुढं उभं राहतं, प्रल्हाद शिंद्यांचं छातीत बसतं. वामनदादांना दोन्ही लागतात. तुम्ही दोन्ही ऐका.

आणि माझाही दोष सांगतो, नाहीतर हा लेख लिहायचा मला अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी वाचनालयाच्या कार्यक्रमात मी एक गाणं म्हटलं. 'स्वरचित' म्हणून. शब्द बरेचसे माझे होते. चाल ह्याच कॅसेटवरची, आणि उचल वामनदादांच्या ओळीची. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी वही आणि पेन दिलं. आजा तेव्हा होता. घरी येताना रूळ ओलांडेपर्यंत गप्प. मग म्हणाला, 'चाल घेतलीस, बरं केलंस. वामनदादांनीबी घेतल्या. नाव गिळलंस ते वाईट केलंस.' ती वही मी अजून वापरलेली नाही. पहिल्या पानावर मात्र त्यांचं नाव लिहून ठेवलंय.

म्हणजे दुसऱ्याचं गाणं घेणं ही चोरी नाही, हे मला वामनदादांनीच शिकवलं. सिनेमाची चाल घेऊन त्यांनी ती आपल्या लोकांच्या कामाला लावली. चाल कुठून आली ते सर्वांना ठाऊक होतं, त्यात लपवाछपवी नव्हती. आपण मात्र ज्याचं घेतो त्याचं नावच पुसतो. आपली नावं हजारो वर्षं ज्यांनी पुसली त्यांना शिव्या द्यायच्या आणि आपल्या कवीचं नाव आपणच पुसायचं, हे कसं चालेल? वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली, एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात गेले. दोघांनाही आता आपलं नाव स्वतः सांगता येत नाही.

कॅसेट तुम्हाला मिळणार नाही, टेपही कोणाकडं नसेल. मोबाईलवर दोन्ही नावं एकत्र घालून शोधा, गाणी निघतात. खाली गीतकाराचं नाव चुकीचं असेल किंवा नसेलच, तर 'वाटचाल' (१९७३), 'मोहळ' (१९७६) आणि 'हे गीत वामनाचे' (१९७७) हे संग्रह मिळवून ताडून बघा. मिळवायला कष्ट पडतील. वस्तीत एका संध्याकाळी चार जण बसा, एकच गाणं लावा, पुरं. मध्ये बोलू नका. शेवटचं कडवं संपलं की बंद करा आणि एकमेकांना विचारा, ह्यातलं आपल्याला किती लागू आहे. मग वाद घाला. असा वाद वामनदादांना आवडला असता, असं मला वाटतं.

आमच्याकडं मित्राशी अबोला महिनाभर टिकला. मग तोच एका रविवारी घरी आला आणि म्हणाला, लाव तुझी कॅसेट. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. तो काही बोलला नाही. मालगाडीचा भोंगा आला तेव्हा त्यानं खिडकीकडं पाहिलं, गाडी खरंच आली की काय म्हणून. जाताना म्हणाला, येत्या १४ एप्रिलला डीजेवाल्याला गाणं पुरं लावायला सांगू, आणि लावायच्या आधी माइकवर कोणाचं ते सांगू. मी म्हणालो, लोक नाचायचे थांबले तर? तो म्हणाला, थांबू देत.

आजीला सांगितलंय. ती म्हणाली, 'बघू.' सोमवारी पहाटेच्या लोकलनं मी आसनगावला उतरलो, शहापूरहून किन्हवली-सरळगावमार्गे मुरबाडची एसटी धरली आणि कामावर हजर झालो. हा लेख एसटीत आणि दुपारच्या सुट्टीत लिहिलाय. अक्षर लागलं नसेल तर स्टेन्सिल कापणाऱ्यानं सांभाळून घ्यावं, पण वामनदादांचं नाव नीट कापावं.

जय भीम.